पालारचे मीठ : चर्मोद्योगातील क्लस्टर-विचाराची चिकित्सा

मराठीत कातडे कमावतात. पैसा, नाव आणि शरीरही कमावतात. कुजणारी वस्तू टिकाऊ करणे आणि कष्टाने मिळकत करणे, या दोन्हींसाठी भाषेने एकच क्रियापद ठेवले आहे. चर्मोद्योगावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे आर्थिक लेखन झाले, त्यात मात्र या क्रियापदाच्या दोन अर्थांची फारकत झाली. मिळकतीचा विचार अर्थशास्त्रज्ञांनी केला. कातड्याचे काय होते, त्यातून काय बाहेर पडते आणि ते कुठे जाते, हा विचार रसायनतंत्रज्ञांवर सोपवला गेला. या फारकतीतून एक धोरण उभे राहिले : लहान लहान टॅनऱ्या एका ठिकाणी असू द्यायच्या किंवा आणायच्या, त्यांचे सांडपाणी एका नळात घ्यायचे आणि एका सामायिक प्रक्रिया केंद्रात स्वच्छ करायचे. वेल्लोर, कानपूर, कोलकाता, ढाका, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच आराखडा दिसतो.

या धोरणामागच्या विचाराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : क्लस्टर-विचाराने माणसांचे एकत्र येणे आणि टाकाऊ द्रव्यांचे एकत्र होणे या दोन निराळ्या गोष्टींना एकाच मापाने मोजले. माणसे एकत्र आली की ज्ञान, उधारी, बाजारपेठ वाटून घेता येते. टाकाऊ द्रव्ये एकत्र झाली की त्यांतले जे परत वापरता आले असते तेही वाया जाते आणि जे निरुपद्रवी करता आले असते ते घातक होते. शिवाय 'सामायिक' या शब्दात कोण मोजले जाते आणि कोण नाही, हा प्रश्न त्या विचाराने फारसा विचारलाच नाही.

हवेतले ज्ञान

या विचाराचा उगम सहसा आल्फ्रेड मार्शल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञापाशी नेला जातो. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' या ग्रंथात त्याने एकाच धंद्यातले लहान कारखाने एका गावात का गोळा होतात, याची मीमांसा केली. कुशल कामगार हाताशी मिळतो, पूरक धंदे शेजारी उभे राहतात आणि व्यवसायातल्या खुब्या जणू तिथल्या हवेतच मिसळून जातात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे जवळजवळ शतकभराने, इटलीतल्या लहान औद्योगिक गावांच्या यशामुळे हा विचार पुन्हा पुढे आला. ब्राझीलमधील सिनोस खोऱ्यातल्या चपला-बुटांच्या धंद्याचा अभ्यास करणाऱ्या ह्युबर्ट श्मिट्झ यांनी १९९५ मध्ये त्याला 'सामूहिक कार्यक्षमता' अशी संकल्पना दिली. शेजार असल्यामुळे आपोआप मिळणारे फायदे हा तिचा एक भाग, आणि कारखानदारांनी ठरवून केलेली संयुक्त कृती हा दुसरा.

चर्मोद्योगाच्या संदर्भात या चौकटीतला महत्त्वाचा अभ्यास लोरेन केनेडी यांचा आहे. तमिळनाडूतील पालार खोऱ्यातल्या टॅनऱ्यांवरचा त्यांचा लेख १९९९ मध्ये 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात आला. न्यायालयीन बंदीची तलवार डोक्यावर असताना एकमेकांचे स्पर्धक असलेले मालक एकत्र आले, त्यांनी कंपन्या स्थापन केल्या, वर्गणी काढली, सरकारी अनुदान मिळवले आणि सांडपाणी केंद्रे उभारली. नातेसंबंध आणि एकाच समाजातली परस्परांची ओळख यांचा त्यात उपयोग झाला. सामूहिक कार्यक्षमता केवळ नफ्यासाठी नसते, प्रदूषणासारख्या संकटाशी झुंजण्यासाठीही ती कामी येते, असा या मांडणीचा रोख आहे.

हे निरीक्षण खोटे नाही. प्रत्येकी थोडी थोडी कातडी भिजवणाऱ्या लहान टॅनऱ्यांनी स्वतंत्र प्रक्रिया केंद्र उभारणे परवडणारे नव्हते आणि त्यांची एकजूट ही खरोखरच मोठी सामाजिक घटना होती. अडचण या अभ्यासाच्या प्रामाणिकपणात नसून चौकटीत आहे. एकजूट झाली का, टिकली का, हे ती चौकट चांगले मोजते. त्या एकजुटीने नळात काय ओतले आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला काय शिल्लक राहिले, हे मोजायला तिच्यापाशी साधन नाही. मार्शलच्या हवेत ज्ञान होते. टॅनरीच्या हवेत ज्ञानाबरोबर हायड्रोजन सल्फाइडही असतो.

चार पाणी

पुढचा मुद्दा स्पष्ट व्हायचा तर कातडे कसे कमावतात ते थोडक्यात पाहायला हवे. अंगावरून काढलेले कातडे काही तासांत कुजू लागते. ते टिकावे म्हणून त्याला मीठ चोळतात. हे मीठ कातड्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के असते. टॅनरीत आल्यावर कातडे भिजत घालतात. या पहिल्या पाण्यात मीठ, रक्त, शेण आणि माती उतरते. मग चुना आणि सोडियम सल्फाइड यांच्या हौदात केस झडवतात. हे दुसरे पाणी अल्कधर्मी असते आणि त्यात सल्फाइड व विरघळलेली प्रथिने असतात. त्यानंतर आतल्या बाजूचे मांस खरवडून, चुना काढून टाकून कातडे आम्ल आणि मीठ यांच्या पाण्यात मुरवतात. हे तिसरे पाणी. शेवटी फिरत्या लाकडी पिंपात क्रोमियम सल्फेटचा द्राव घालतात आणि कातडे निळसर होऊन बाहेर येते. नेहमीच्या पद्धतीत या क्रोमपैकी साधारण ६० ते ७० टक्केच कातड्यात मुरते आणि उरलेले चौथ्या पाण्यात राहते. एक टन खारवलेल्या कातड्यातून तयार चामडे जेमतेम २०० ते २५० किलो निघते. बाकी सगळे पाण्यात, गाळात किंवा ढिगाऱ्यात जाते.

ही चारही पाणी वेगवेगळी ठेवली, तर प्रत्येकावर ठाऊक असलेला उपाय आहे. कातडे भिजवण्याआधी झटकले तर बरेच मीठ कोरडेच निघते आणि उरलेले खारे पाणी उथळ वाफ्यांत उन्हावर आटवता येते. सल्फाइडच्या पाण्यात मँगनीजच्या क्षाराच्या मदतीने हवा खेळवली की सल्फाइड निष्प्रभ होते. विकरांच्या साहाय्याने केस काढले तर त्याची गरजच कमी पडते. क्रोमच्या पाण्यात मॅग्नेशियम ऑक्साइड घातले की क्रोम खाली बसते आणि गंधकाम्लात विरघळवून पुन्हा पिंपात वापरता येते. यात गूढ काही नाही. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून काम करते आहे आणि यातल्या बऱ्याच पद्धतींवर तिथे संशोधन झालेले आहे.

आता हीच चार पाणी एका नळात सोडून पाहा. मीठ पातळ होते, पण नाहीसे होत नाही. प्रक्रिया केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत. ते पाण्याबरोबर आत येते आणि पाण्याबरोबरच बाहेर जाते. क्रोम गाळात उतरते. त्यामुळे एरवी खत होऊ शकला असता असा सगळा गाळ घातक कचरा ठरतो. आणि सल्फाइडच्या पाण्याला आम्लाचे पाणी भेटले, की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. बंद गटारात तो साचला तर आत उतरलेल्या माणसाला काही श्वासांत मारतो.

म्हणजे 'सामायिक नळ' हा केवळ खर्चाची बचत करणारा तटस्थ मार्ग नाही. तो स्वतःच एक रासायनिक क्रिया आहे. ज्या प्रश्नाची उत्तरे निराळी निराळी होती, त्याचा तो एकच, न सुटणारा प्रश्न करतो.

पालारकाठचा हिशेब

पालार नदी कर्नाटकात उगम पावते, आंध्रातून तमिळनाडूत येते आणि वर्षातला बराच काळ कोरडी असते. तिचे खरे पाणी वाळूखाली असते आणि काठची शेती व गावे विहिरींवर जगतात. वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट या पट्ट्यात पूर्वी तरवडाच्या सालीने कातडी कमावत आणि अर्धप्रक्रिया केलेला माल लंडनच्या बाजारात जाई. १९७२ मधल्या सीतारामय्या समितीनंतर केंद्र सरकारने अशा अर्धप्रक्रिया मालाच्या निर्यातीवर बंधने आणली आणि तयार चामडे व वस्तू यांना उत्तेजन दिले. मूल्यवर्धन देशात व्हावे, रोजगार देशात मिळावा, हा हेतू रास्त होता. त्या धोरणाने क्रोमपद्धतीला मोठी चालना दिली. युरोपात ओल्या प्रक्रियांवर निर्बंध वाढत होते, त्याच सुमारास त्या इथे वाढल्या. मूल्य जसे देशात आले, तसा त्या मूल्याचा गाळही आला.

'वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी दिलेला निकाल पर्यावरणाच्या कायद्यात मैलाचा दगड मानला जातो. सावधगिरीचे तत्त्व आणि 'प्रदूषण करील त्याने भरावे' हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग आहेत, असे न्या. कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने त्यात स्पष्ट केले. निकालात नोंदवलेल्या पाहणीप्रमाणे या पट्ट्यातली सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाली होती. दिंडिगल भागातल्या १३ गावांच्या पाहणीत ४६७ पैकी ३५० विहिरी खराब झालेल्या आढळल्या. एक किलो तयार चामड्यामागे सुमारे ३५ लिटर पाणी लागते, हाही आकडा त्याच निकालात आहे.

न्यायालयाने टॅनऱ्यांना प्रत्येकी १०,००० रुपये दंड केला, प्रक्रिया केंद्रे उभारण्याची मुदत घातली आणि नुकसानभरपाई ठरवण्यासाठी प्राधिकरण नेमण्यास सांगितले. त्या प्राधिकरणाने २००१ मध्ये सुमारे २९,००० बाधितांना मिळून जवळजवळ २७ कोटी रुपये भरपाई ठरवली. माणशी दहा हजार रुपयांच्या आतबाहेर ही रक्कम येते. एका खारट झालेल्या विहिरीचा आणि तिच्यावरच्या शेताचा हा भाव. त्यानंतर ३० जानेवारी २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाला पुन्हा आदेश द्यावा लागला : उरलेल्या बाधितांना राज्य सरकारने भरपाई द्यावी आणि ती प्रदूषकांकडून वसूल करावी, उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी. पहिल्या निकालाला तोवर २८ वर्षे झाली होती.

मधल्या काळात प्रक्रिया केंद्रे उभी राहिली आणि चाललीही. परंतु मीठ जात नव्हते. देशात जमिनीवरच्या जलाशयांत सोडायच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरमागे २,१०० मिलिग्रॅम आहे, आणि टॅनरीच्या मिश्र पाण्याला जैविक प्रक्रियेने ती गाठता येणे शक्य नव्हते. मग पाणी बाहेर सोडायचेच नाही, असा दंडक आला. पाणी दाबाने सूक्ष्म पटलांतून गाळायचे, उरलेला खारा द्राव यंत्रांत उकळून आटवायचा. पाणी परत वापरात आले, ही जमेची बाजू. त्याबरोबर वीज आणि इंधन यांचा खर्च वाढला आणि शेवटी उरले मिश्र मीठ : त्यात साधे मीठ, सल्फेट आणि सेंद्रिय घाण एकत्र. ते खाता येत नाही, विकता येत नाही, पावसात उघड्यावर ठेवता येत नाही. केंद्रांच्या आवारात छपराखाली ते साठत गेले. कोरडे असताना झटकून काढता आले असते तेच मीठ पाण्यात विरघळवले, शेकडो कारखान्यांच्या घाणीत मिसळले आणि प्रचंड ऊर्जा खर्चून पुन्हा कोरडे केले.

मीठ येते कुठून?

क्लस्टरवरच्या लेखनात हे मीठ 'बाह्य परिणाम' म्हणून येते, उत्पादनाची एक दुर्दैवी सावली म्हणून. मला वाटते, मीठ ही क्लस्टरचीच निर्मिती आहे.

महाराष्ट्रातल्या गावगाड्यातला जुना क्रम आठवून पाहावा. मेलेले जनावर महारांनी ओढायचे, कातडे ढोरांनी कमावायचे, चपला, मोटा आणि वाद्या चांभारांनी करायच्या. हा क्रम जातीच्या क्रूर सक्तीवर उभा होता. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ते काम सोडा, असे बाबासाहेब आंबेडकरांनी महारांना का सांगितले, हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. इथे फक्त एक भौतिक गोष्ट पाहायची आहे : कातडे निघाल्यापासून हौदात पडेपर्यंतचे अंतर गावाच्या शिवेतले असे. फार काळ टिकवायचेच नसल्यामुळे मीठ कमी लागे. कमावण्यासाठी बाभळीची साल, हिरडा, तरवड.

आज पालारकाठच्या किंवा जाजमऊच्या टॅनरीत कातडे देशाच्या कानाकोपऱ्यातून येते. दिवसचे दिवस प्रवास, मधले अडते, गोदामे. म्हणून मीठ. पालारच्या विहिरींत जे मीठ उतरले ते कातडे कमावण्याचे कमी आणि कातडे लांबून आणण्याचे अधिक आहे. उत्पादन एका जागी गोळा करण्याची ती किंमत आहे. फायदा क्लस्टरच्या खात्यात आणि मीठ शेतकऱ्याच्या विहिरीत, अशी ही वाटणी आहे. म्हणूनच केवळ क्रोम सोडून सालीकडे वळा, हा भाबडा उपायही पुरेसा नाही. लांबून आलेले खारवलेले कातडे बाभळीच्या सालीने कमावले, तरी भिजवणीचे पाणी खारेच राहील. सालीच्या पाण्याचा सेंद्रिय भारही थोडा नसतो आणि वेळ कितीतरी अधिक लागतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चपलेचे चामडे हिरडा-बाभळीने कमावण्याची परंपरा मोलाची आहे. पण तिचा धडा केवळ सालीचा नाही. कातडे आणि हौद यांच्यातले अंतर कमी असणे, हा त्याहून मोठा धडा आहे.

ग्राहकाची त्वचा आणि शेतकऱ्याची विहीर

कोणी म्हणेल, लहान कारखानदार अडाणी आणि गरीब होते, त्यांच्याकडून बदल होणे अवघडच होते. याला त्याच उद्योगाचा इतिहास उत्तर देतो. १९८९ मध्ये जर्मनीने पेंटाक्लोरोफेनॉल या बुरशीनाशकावर बंदी घातली. कातड्यावर बुरशी येऊ नये म्हणून ते भारतात सर्रास वापरले जाई. १९९४ मध्ये काही अझो रंगांवर बंदी आली. जर्मनी भारतीय चामड्याचा मोठा गिऱ्हाईक. काही वर्षांतच पर्यायी रसायने आली, चाचणीची व्यवस्था झाली, सरकारने देशात नियम केले, संशोधन संस्था, निर्यातदार आणि रसायन-विक्रेते एका दिशेने हलले. मीनू तिवारी आणि पूनम पिल्लई यांनी या अनुपालनाचा चांगला अभ्यास केला आहे.

तेच गाव, तेच मालक, तेच कामगार. एका बाबतीत काही वर्षांत बदल आणि दुसऱ्या बाबतीत २८ वर्षांनी पुन्हा न्यायालय. फरक तंत्रज्ञानाचा नव्हता. मीठ झटकणे हे अझो रंग बदलण्यापेक्षा सोपे काम आहे. पेंटाक्लोरोफेनॉल बुटाबरोबर प्रवास करते आणि गिऱ्हाइकाच्या त्वचेला लागते. मीठ मागेच राहते. बंदरातून परत आलेला माल मालकाला त्याच दिवशी कळतो. विहीर खारट झाल्याचे त्याला कोर्टाची नोटीस आल्यावर कळते. क्लस्टरची सामूहिक शक्ती खरी होती, हे जर्मन बंदीने सिद्ध केले. ती शक्ती कोणाच्या सांगण्यावरून हलते, हेही त्याच बंदीने दाखवून दिले.

सांता क्रोचेचा दाखला

क्लस्टरचे समर्थक नेहमी इटलीकडे बोट दाखवतात, तेव्हा तिथेही पाहायला हवे. तोस्कानातल्या सांता क्रोचे सुल्ल'आर्नो या गावाभोवती शेकडो लहान टॅनऱ्या आहेत. तिथल्या कारखानदारांनी १९८१ मध्ये क्रोम परत मिळवण्यासाठी एक सहकारी संघ काढला. टॅनऱ्या वापरलेले क्रोमचे पाणी वेगळे साठवतात, ते टँकरने संघाच्या केंद्रात जाते आणि तिथून क्रोमचा द्राव पुन्हा टॅनऱ्यांकडे येतो. एकट्या टॅनरीला न परवडणारी गोष्ट सगळ्यांनी मिळून केली. सामूहिक कार्यक्षमतेचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. मात्र तिथे एकत्र आली ती माणसे. चौथे पाणी त्यांनी इतर पाण्यांत मिसळू दिले नाही.

याच परिसराने दुसरी बाजूही दाखवली. सामायिक प्रक्रियेतून निघालेल्या मिश्र गाळाची राख बांधकामाच्या भरावात मिसळून रस्त्यांखाली गेली, असा संशय येऊन २०२१ मध्ये तपास सुरू झाला. एकच गाव, तेच कुशल आणि संघटित उद्योजक. जे वेगळे ठेवले ते परत वापरात आले. जे मिसळले गेले त्याची राख लपवण्याची वेळ आल्याचा आरोप झाला.

भारताने या दोन धड्यांपैकी दुसराच जास्त गिरवला. कानपूरच्या जाजमऊमध्ये १९९४ मध्ये सुरू झालेले ३६ दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र टॅनरीचे ९ दशलक्ष लिटर आणि शहराचे २७ दशलक्ष लिटर सांडपाणी एकत्र करण्यासाठीच आखले होते. शहरी मैल्याने टॅनरीचे पाणी पातळ करायचे आणि प्रक्रिया झालेले पाणी शेतीला द्यायचे. सेंद्रिय घाणीपुरते हे शहाणपणाचे होते. क्रोमपुरते पाहिले, तर शहराचा खत होऊ शकणारा गाळही घातक झाला आणि ते पाणी घेणाऱ्या शेतांच्या मातीत क्रोम साठत गेले. ढाक्यात २०१७ मध्ये हजारीबागच्या टॅनऱ्या सावरला हलवल्या आणि बुढीगंगेवरचा भार धलेश्वरीवर गेला. जागा बदलली, नळाची कल्पना तीच राहिली.

सामायिक कोण?

क्लस्टरच्या अभ्यासांत 'समाज' हा शब्द येतो तो मालकांच्या संदर्भात. पालार खोऱ्यात ते बहुतांशी तमिळ मुस्लिम व्यापारी कुटुंबांतले आहेत, आणि त्यांच्यातल्या विश्वासाने संयुक्त कृती सोपी झाली हे खरे. चुन्याच्या हौदाशी आणि पिंपाशी उभे राहणारे बरेचसे दलित आहेत, अलीकडे दूरच्या राज्यांतून आलेले मजूरही. काठचे शेतकरी हा तिसरा गट. प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्या कंपनीत भाग असतो तो टॅनरीमालकांचा. विहीरमालकाला आणि गाळ उपसणाऱ्याला तिथे जागा नाही.

याचा परिणाम कागदावर राहत नाही. ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे राणीपेटच्या औद्योगिक वसाहतीत सामायिक केंद्राच्या गाळाच्या टाकीची भिंत फुटली आणि गाळाचा लोंढा शेजारच्या टॅनरीत घुसला. दहा जण मेले. त्यांतले बहुतेक पश्चिम बंगालमधून आलेले आणि तिथेच झोपलेले कामगार होते. पुढे दहा वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२५ रोजी, कोलकात्याजवळच्या बानतला चर्मसंकुलात गटार साफ करायला उतरलेले तीन कामगार मेले. टांगरा-टोपसियातल्या टॅनऱ्या शहराबाहेर न्याव्यात म्हणून १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा हे संकुल प्रदूषणावरचा आधुनिक उपाय म्हणून पुढे आले होते.

दलित आत्मकथनांनी मेलेले ढोर ओढणे, सोलणे, त्याचा वास अंगाला चिकटून राहणे हे सगळे आपल्या साहित्यात आणले. त्या वाचनाने आपण असे समजून चाललो, की ते गावाचे, जुन्या काळाचे दुःख होते आणि कारखाना आला की ते संपते. कारखान्याने कातड्याचे काम व्यापाराच्या कक्षेत आणले, त्यात पैसा आला, वरच्या जातींचे भांडवलही आले. जातीजवळ उरले ते हौद, गाळ आणि गटार. जुन्या गावात ढोरवाडा वस्तीच्या कडेला असे. सामायिक प्रक्रिया केंद्र ही त्याच कडेची नवी जागा आहे, आणि हे 'सामायिक' या शब्दामुळे झाकले जाते.

मग काय?

या टीकेवर एक आक्षेप योग्य आहे आणि तो टाळता येणार नाही. आंबूरच्या बूट कारखान्यांत हजारो स्त्रिया काम करतात. धारावीतून टॅनऱ्या बहुतेक गेल्या, पण तिथल्या पाकिटे-पट्टे करणाऱ्या कारागिरांना तयार चामडे चेन्नई, कानपूर, कोलकाता इथूनच येते. क्लस्टर मोडा असे म्हणणे म्हणजे या माणसांना वाऱ्यावर सोडणे आणि धंदा चार बड्या कारखान्यांच्या किंवा दुसऱ्या एखाद्या गरीब देशाच्या हवाली करणे. टॅनऱ्या विखरून टाकल्या तर घाणही विखुरते आणि तिच्यावर नजर ठेवणे आणखी कठीण होते. एकत्र असण्याची ताकद मला मान्यच आहे. तिच्याकडून काय करून घ्यायचे, एवढाच वाद आहे.

सांता क्रोचेच्या संघासारखे काम सामूहिक शक्तीला शोभणारे आहे : क्रोमचे पाणी वेगळे गोळा करणे, कातडी झटकण्याची सामायिक सोय, निघालेले मीठ तपासून पुन्हा वापरणे, खाटीकखान्याजवळ शीतगृहे उभारून मिठाची गरजच घटवणे, भिजवणी आणि केस काढणे कातड्याच्या उगमाजवळ नेणे. नळ शेवटी लागेलच, पण त्यात जायचे ते उरलेसुरले. अनुदान देताना सरकार आजवर केंद्राची क्षमता किती दशलक्ष लिटर, हे विचारत आले. त्याऐवजी टॅनरीच्या दारातून किती मीठ आणि किती क्रोम बाहेर पडले, हे विचारायला हवे. आणि केंद्राच्या संचालक मंडळावर काठच्या गावांचा आणि गाळात उतरणाऱ्या कामगारांचा माणूस कायद्याने बसायला हवा. विहिरीची बातमी त्याच्यामार्फत पोहोचेल, तर न्यायालयाची २८ वर्षे लागणार नाहीत.

अभ्यासकांपुरते बोलायचे, तर 'सामूहिक कार्यक्षमता' ही संकल्पना टाकून देण्याजोगी नाही. ती अपुरी आहे. क्लस्टरची हद्द कारखान्यांच्या शेवटच्या भिंतीपाशी आखली, की पालारचे टॅनरीमालक यशस्वी ठरतात. तीच हद्द त्यांचे पाणी जिथवर पोहोचते तिथवर आखली, तर त्याच क्लस्टरमध्ये खारट विहिरीही येतात, भरपाईच्या यादीतली २९,००० नावे येतात आणि राणीपेटला झोपेत गेलेले दहा जणही येतात. महाराष्ट्रात किंवा अन्यत्र चर्मोद्योगाचे नवे संकुल मांडले जाईल, तेव्हा त्याच्या नकाशावर ही हद्द कुठे आखली आहे, हे सर्वांत आधी पाहावे. किती कारखाने, किती रोजगार आणि किती निर्यात, हे प्रश्न त्यानंतरचे.